वहीतल्या दोन रिकाम्या ओळी

ती वही अजून माझ्या कपाटात आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर जाड अक्षरात लिहिलंय, ‘लेकीचं लग्न : पेशवेकालीन’. त्याखाली याद्या, हिशेब, मांडवाचे नकाशे. सत्तावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवताना किती टाचणवह्या लिहिल्या, पण एवढा जीव कुठल्याच वहीवर लावला नव्हता. याच वहीच्या सव्विसाव्या पानावर दोन ओळी रिकाम्या आहेत. त्या दोन ओळींनी माझं मत बदललं. ते कसं बदललं, हे एकदा स्वच्छ सांगून टाकावं म्हणून लिहायला बसले आहे.

आधी एक कबूल करते. ही हौस लेकीची नव्हती, माझी होती.

माझं लग्न १९९४च्या वैशाखात झालं. सकाळी साखरपुडा, दुपारी हळद, गोरज मुहूर्तावर अक्षता. सगळं एका दिवसात, कारण वडिलांना दोन दिवसांचं जेवण झेपणारं नव्हतं. शालू थोरल्या बहिणीचा होता. त्याची मला कधी लाज वाटली नाही, पण हुरहूर राहून गेली. पुढं वर्गात शनिवारवाडा शिकवायची वेळ यायची. १७३० साली पायाभरणी, १७३२ साली वास्तुशांत, १८२८च्या आगीत वाडा जळाला, एवढं सांगून तास संपायचा. मुलं सनावळी उतरवून घ्यायची. त्यांच्या डोळ्यांत काही उमटायचं नाही, आणि मलाच रिकामं वाटायचं. एकदा तरी तो काळ माणसांच्या डोळ्यांपुढं उभा करावा, त्यातून चालत जावं, अशी ओढ मनात होती. लेकीचं जमलं आणि या दोन्ही हुरहुरी एकमेकींना येऊन मिळाल्या.

आमचं शिरगाव मावळातलं. सोमाटणे फाट्यावरून आत वळलं की लॉन आणि मंगल कार्यालयं लागतात. लग्नसराईत रात्री इथून जाताना प्रत्येक कमानीवर वेगळा काळ दिसतो. कुठं राजस्थानी हवेली, कुठं मोगली महाल, कुठं गडाचा बुरूज. २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’ आला, तेव्हापासून तर मशाली, पालख्या आणि मोत्यांच्या नथा यांना अंतच नाही. मला ते सगळं वरवरचं वाटायचं. नथ आजची, अंगरखा सिनेमातला, पाठीमागं गाणं भलतंच. मी मनाशी म्हणायची, आपण करू ते चोख करू. लग्न बघून माणूस घरी जाताना दोन गोष्टी शिकून जाईल असं करू.

लेकीनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एवढंच विचारलं, “आई, नाटकात उभं राहिल्यासारखं नाही ना वाटणार?” माझ्याकडे उत्तर तयार होतं. म्हटलं, “आपल्या गावात प्रतिशिर्डी आहे. ही खरी शिर्डी नाही, हे येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी गुरुवारी रांग लागते, हात जोडले जातात, डोळे भरून येतात. प्रतिकृती आहे म्हणून भाव खोटा होतो का? मग एका दिवसापुरता प्रतिशनिवारवाडा का नको?” ती गप्प राहिली. पटलं म्हणून गप्प राहिली, असं मी धरून चालले.

मग वही भरू लागली. दिल्ली दरवाजाची प्लायवूडची कमान, आत चौक, चौकात कारंजं. सनई-चौघडा. नवरीला पालखी, नवऱ्याला घोडा. पत्रावळी आणि द्रोण. विजेचे दिवे झाकून समया आणि मशाली. मुहूर्ताला घड्याळ नको, घटिकापात्र हवं. पाण्यात तरंगत ठेवलेलं तांब्याचं वाडगं, बुडाला बारीक भोक. पाणी आत झिरपत जातं आणि चोवीस मिनिटांनी वाडगं बुडतं. ती एक घटिका. साठ घटिकांचा दिवस. त्या काळी लग्नघटिका अशीच मोजायचे.

काटेकोरपणाच्या हौसेत मी एकेका गोष्टीवर काट मारत गेले. पुणेरी पगडी काढली. २००९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं आणि ती आपली ओळख झाली हे खरं, पण ती एकोणिसाव्या शतकातली मानली जाते. बाजीरावाच्या डोक्यावर ती कशी चालेल? जेवणातून बटाट्याची भाजी काढली, टोमॅटोचं सार काढलं, कारण बटाटा आणि टोमॅटो आपल्या घरोघरी पोचले ते इंग्रजी अमलात. मिरची ठेवली. पोर्तुगिजांबरोबर आलेली मिरची पेशवाईपर्यंत आपल्या स्वयंपाकात रुजलेली होती. पाहुण्यांच्या स्वागताचा चहा काढला, पन्हं लिहिलं. आणि तांदळापाशी आले तेव्हा इंद्रायणीही काढला. इंद्रायणी आमच्याच मावळातला, वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला. म्हणून तो खोडून आंबेमोहर लिहिला.

यजमान शेती बघतात. बोलणं कमीच. त्यांनी वही हातात घेतली, ते पान वाचलं आणि म्हणाले, “पोरीच्या लग्नात आपल्या खाचरातला भात नाही व्हय?” मी त्यांना दोन शतकांतला फरक समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि वही जागेवर ठेवली. आमच्या घरचा भात, आमच्या हातांनी लावलेला, कापलेला, झोडलेला, तो मी खरेपणाच्या नावाखाली आमच्या मांडवाबाहेर काढला होता. तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही. आज त्यांचा तो आवाज आठवला की पोटात कालवतं.

दुसरा धक्का तळेगावात बसला. शिरगावहून तळेगाव दाभाडे हाकेच्या अंतरावर, आणि व्याह्यांचं घर तिथलं. बस्ता बांधायच्या आधी मी वही घेऊन गेले. जावई बाजीराव होणार, असं मी उत्साहानं सांगितलं. त्यांच्या आजी कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढं. त्या म्हणाल्या, “दाभाड्यांच्या तळेगावातून बाजीराव निघणार? उमाबाई काय म्हणंल, पोरी?”

मला एकदम घाम फुटला. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. सेनापती खंडेराव दाभाडे १७२९ साली गेले. सेनापतिपद मुलाकडे, त्रिंबकरावांकडे आलं. १ एप्रिल १७३१ रोजी गुजरातेत डभईला बाजीरावाच्या फौजेशी लढताना त्रिंबकराव पडले. मराठ्यांनीच मराठ्यांशी केलेली लढाई ती. मुलगा गेला आणि कारभार आईनं, उमाबाईंनी हाती घेतला. पुढं त्या स्वतः अहमदाबादेवर चालून गेल्या. सप्तशृंगीच्या पायऱ्या बांधणाऱ्या त्याच ह्या. त्यांची समाधी तळेगावात बनेश्वराच्या देवळापाशी आहे. आजी लहानपणापासून तिथं दिवा लावायला जात आल्या होत्या.

वर्गात मी डभईला एक ओळ देत आले. ‘या लढाईमुळे बाजीरावाचे वर्चस्व वाढले.’ परीक्षेत एका गुणाचं उत्तर. ज्या आईचा मुलगा त्या एका ओळीत मेला, तिचं गाव मी रोज बसमधून ओलांडत होते. त्या दिवशी मी आजींच्या पाया पडले आणि बाजीराव वहीतून काढला. त्या जागी सवाई माधवरावांचं लग्न आणायचं ठरवलं. तेव्हा अजून मला वाटत होतं की चूक फक्त माणूस निवडण्यात झाली.

सवाई माधवरावांचं लग्न फेब्रुवारी १७८३मध्ये पुण्यात झालं. पेशवाईतला हा सगळ्यात गाजलेला लग्नसोहळा. कारभार नाना फडणवीसांचा. त्यांनी लग्नाची जी याद केली, तिचं इतिहासाच्या अभ्यासकांना आजही अप्रूप आहे. पाहुण्यांचं स्वागत कोणी करायचं, मिरवणूक कशी न्यायची, पंगतींची आणि वाढपाची व्यवस्था कोणी बघायची, एकेका कामाला एकेक माणूस नेमलेला. ती शिस्त बघून मी भारावून गेले. आपणही तशीच याद करायची ठरवलं. सव्विसाव्या पानावर उभ्या रेघा मारल्या. डावीकडे आमच्या पाहुण्यांची नावं, उजवीकडे त्या काळातलं त्यांचं स्थान. यजमानांचे मामा सरदार. माझे भाऊ फडावरचे कारकून. शेजारचे काका पागेवर. शाळेतले मुख्याध्यापक न्यायाधीश, रामशास्त्र्यांच्या जागी. प्रत्येकाला त्याप्रमाणे पोशाख, प्रत्येकाची पंगतीतली जागा ठरलेली. पेन्सिल सरसर चालली होती.

मग माझ्या मैत्रिणीचं नाव आलं आणि पेन्सिल थांबली.

ती आमच्या शाळेत मराठी शिकवायची. बावीस वर्षं आम्ही एका टेबलाशी डबा खाल्ला. माझ्या लेकीला अक्षरओळख तिनं करून दिली. ती देहूरोडची. तिथल्या बुद्धविहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली, तेव्हा तिचे आजोबा गर्दीत उभे होते. दर वर्षी त्या दिवशी ती मला घरी बोलावते. मी जाते, खीर खाते. आता त्या मैत्रिणीच्या नावापुढं, ‘१७८३, पुणे, पेशव्यांचे लग्न’ या मथळ्याखाली, मी काय लिहिणार होते? पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्य ठरवलेल्या माणसांच्या साध्या रस्त्यावरून चालण्यावर काय निर्बंध होते, ते बाबासाहेबांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये लिहून ठेवलंय. पंगत तर दूरच राहिली. मी इतिहासाची शिक्षिका. काटेकोरपणासाठी बटाटा काढला, पगडी काढली, घरचा भात काढला. मग इथंच काटेकोरपणा सोडून तिला खोटं स्थान कसं द्यायचं? आणि खरं स्थान हातानं कसं लिहायचं?

ती ओळ रिकामी सोडून मी खाली आले. खालचं नाव माझ्या धाकट्या जावेचं.

धाकटे दीर २०२१च्या मे महिन्यात कोरोनानं गेले. तेव्हापासून या घरातली प्रत्येक हळद जावेनं वाटली, प्रत्येक रुखवत तिनं भरलं, पण हळद लावायची वेळ आली की ती स्वयंपाकघरात जाते. कुणी जा म्हणत नाही. कुणी थांब असंही म्हणत नाही. पंधरा दिवसांपूर्वीच तिनं मला पाच सवाष्णींची नावं कागदावर लिहून दिली होती, हळदीसाठी. तिच्या सुंदर अक्षरात, तिचं स्वतःचं नाव सोडून. मी तो कागद घडी घालून वहीत ठेवला आणि तिला म्हटलं, बरं झालं, माझं काम हलकं केलंस. आज ते शब्द आठवतात आणि झोप लागत नाही.

त्या रात्री मी वही उघडी ठेवून बसून राहिले. १७८३च्या लग्नातला नवरदेव कोण होता? एप्रिल १७७४चा जन्म, म्हणजे नऊ वर्षंही पुरी झालेली नव्हती. नवरी थट्ट्यांची रमाबाई त्याहून लहान. रमाबाई १७९३ साली गेल्या. सवाई माधवराव १७९५ साली शनिवारवाड्याच्या कारंज्यावर पडून, एकविसाव्या वर्षी गेले. मी ज्या चौकात हौसेनं कारंजं काढलं होतं, त्याच्याच पाण्याशी ती गोष्ट संपली होती. वधूच्या जागी माझी सत्तावीस वर्षांची, स्वतः जोडीदार निवडलेली, नोकरी करणारी मुलगी उभी राहणार होती. त्या लग्नातलं तिच्याशी जुळणारं काय होतं? फक्त लुगडं.

तेव्हा मला उमगलं. काळ ओळखायचा तो कपड्यांवरून नाही. कोण कोणत्या पंगतीला बसलं आणि कोणाला उठवलं, यावरून तो ओळखायचा असतो. कमान, नथ, पालखी उचलून आणता येते. पण कमान उभी केली की तिच्यातून कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं, हेही तिच्यासोबत येतं. वरवरचं करणाऱ्यांना ते दिसत नाही. चोख करायला निघालेल्या मला ते टाळता येईना.

दुसऱ्या रविवारी मी वही घेऊन देहूरोडला गेले. मैत्रिणीपुढं सव्विसावं पान उघडलं आणि काही न बोलता बसले. तिनं पान वाचलं. वेळ घेतला. मग म्हणाली, “तुझा हात थांबला, याचं मला बरं वाटलं. तू मला सरदारीण केली असतीस तर मी हसून आले असते, आणि घरी जाऊन रडले असते.” चहा ठेवायला उठली. तिथूनच विचारलं, “पण एक सांग, तुला त्या काळातलं नेमकं काय हवं होतं?”

मला पटकन उत्तर देता आलं नाही. डोळ्यांपुढं आलं ते घटिकापात्र. मी म्हटलं, “एवढी माणसं एका ठिकाणी येऊन एकच गोष्ट मन लावून करतात, घाई नाही, सगळे मिळून वाडगं बुडायची वाट बघतात. ते हवं होतं.”

“मग तेवढंच घे की,” ती म्हणाली. “बाकीचं सोड.”

परतताना एक आकडा डोक्यात आला आणि जाईना. १७८३. त्यातले सात आणि आठ आपसांत बदलले की होतात १८७३. त्या वर्षी २४ सप्टेंबरला पुण्यातच जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि तीन महिन्यांनी, २५ डिसेंबरला, पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. वधू राधा ही सावित्रीबाईंच्या मैत्रिणीची मुलगी. भटजी नाही, मोठा खर्च नाही. जो झाला तो सावित्रीबाईंनी केला. तेही ऐतिहासिक लग्नच होतं. पुण्यातलंच होतं. मुलीच्या लग्नात मैत्रीण कुठं उभी राहते, याचं उत्तर त्यात होतं. नव्वद वर्षांच्या अंतरानं दोन लग्नं पुढ्यात होती, आणि हौसेच्या भरात मी हे दुसरं कधी आठवलंही नव्हतं. त्याला पालखी नव्हती, कमान नव्हती, डोळ्यांत भरेल असं काहीच नव्हतं.

माझं म्हणणं नीट समजून घ्यावं. पेशवाईत कर्तबगारी नव्हती असं मी म्हणत नाही. अटकेपर्यंत गेलेल्या फौजा, रामशास्त्र्यांची निःस्पृहता, पानिपतानंतर दहा वर्षांत थोरल्या माधवरावांनी सावरलेलं राज्य, हे सगळं मी अभिमानानं शिकवलं आणि पुन्हा शिकवीन. त्याच माधवरावांच्या पत्नी १७७२ साली थेऊरला सती गेल्या, हेही शिकवीन. इतिहास वाचताना सगळं वाचावं लागतं, नको ते गाळून चालत नाही. लग्न ही वेगळी गोष्ट आहे. लग्नात आपण अक्षता टाकतो. म्हणजे समोर जे उभं आहे ते असंच वाढो, असा आशीर्वाद देतो. ज्या व्यवस्थेत माझी मैत्रीण मांडवाबाहेर आणि माझी जाऊ अंधारात, तिच्यावर मी चारशे माणसांच्या हातून अक्षता टाकून घेणार होते.

लेकीला सांगितलं तेव्हा वाटलं होतं तिची निराशा होईल. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, “मी तुझ्यासाठी हो म्हटलं होतं, आई. तुला इतकं खूष मी कधी बघितलं नव्हतं.” ती पहिल्या दिवशी का गप्प राहिली होती, ते मला इतक्या महिन्यांनी कळलं. कमानीची आणि पालखीची इसार रक्कम बुडाली. ते पैसे माझ्या निवृत्तीच्या रकमेतले होते. त्याचं वाईट वाटलं, नाही म्हणणार नाही.

मग लग्न दारात करायचं ठरलं. लॉन रद्द. मांडवडहाळ्यांना बैलगाड्या सजल्या, उंबर आणि जांभळीचे डहाळे आले. घरामागच्या पडवीत सासूबाईंचं जातं होतं, त्यावर तगारी ठेवलेली असायची. ते बाहेर काढलं, धुतलं, हळदकुंकू लावलं. माझ्या दोनशे पानी वहीत त्या जात्याला एक ओळही नव्हती. शतकांपूर्वीचा काळ मी बाहेरून भाड्यानं आणायला निघाले होते आणि तो घरामागं तगारीखाली बसून होता. हेमा रायरकर आणि गी पॉत्वँ यांनी मावळ-मुळशीच्या डोंगरातल्या गावांपासून सुरुवात करून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या सगळ्या बायकांच्या. मुलीच्या लग्नाच्या, सासरच्या, भावाच्या, आणि रामायणाच्याही. ज्या बायकांची नावं कुठल्याच बखरीत नाहीत, त्यांची बखर ती. गावातल्या तीन म्हाताऱ्या जात्याला बसल्या. पहिल्या ओवीला आवाज चिरका निघाला, दुसरीला लागला. लेकीनं खुंट्याला हात घातला, मग मैत्रिणीनं घातला. मैत्रिणीची आईही अशाच ओव्या गायची, त्यात बाबासाहेब यायचे. तिनं त्यातल्या दोन म्हटल्या. जातं एकच होतं आणि ते सगळ्यांसाठी फिरत होतं.

हळदीच्या आधी मी जावेचा तो पाच नावांचा कागद काढला आणि तिच्यासमोर फाडला. म्हटलं, पहिली हळद तू लावायची. सांगताना मी तिला एक पुरावाही दिला, शिक्षिकेची सवय. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनंही तशी पावलं उचलायला सगळ्या ग्रामपंचायतींना सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं. संध्याकाळी ती आली. पाटासमोर बसली. हळद घेतलेली बोटं थरथरत होती. लेकीनं तिचा हात धरून स्वतःच्या गालाला लावला. आमच्या दोन नातेवाईक बायका उठून गेल्या, बोलल्याही. एक आत्या अजून आमच्याकडे येत नाहीत. त्यांना मी वाईट म्हणत नाही. दोन महिन्यांपूर्वी मी त्यांच्याच बाजूला होते, फक्त तोंडानं काही बोलत नव्हते.

मुहूर्ताला घटिकापात्र ठेवलं. वहीतल्या सगळ्या याद्यांमधून आलेली तेवढी एकच वस्तू. तळेगावच्या एका गुरुजींच्या घरात ते जपलेलं होतं. अंतरपाट धरला होता, मंगलाष्टकं चालली होती, आणि दारातल्या मांडवात बसलेली सगळी माणसं मान पुढं करून त्या तांब्याच्या वाडग्याकडे बघत होती. पाणी काठापर्यंत आलं, वाडगं एकदा डचमळलं आणि तळाला गेलं. अंतरपाट सरला. मशाली नव्हत्या, दिल्ली दरवाजा नव्हता. मला हवा होता तो क्षण मात्र तिथं होता.

पंगत एकच मांडली, ओटीपासून गोठ्यापर्यंत, नावनिशीच्या जागा न ठेवता. भात आमच्या खाचरातला इंद्रायणी, आणि सोबत बटाट्याची भाजी. यजमान स्वतः भात वाढत फिरले. मैत्रिणीच्या पानाशी थांबून त्यांनी दुसऱ्यांदा वाढलं.

त्यानंतर एका गुरुवारी मी प्रतिशिर्डीला गेले. रांगेत उभी होते. पुढं ट्रकचा क्लीनर, मागं कुठल्याशा मोठ्या गाडीतून आलेलं कुटुंब, मधे मी. लेकीला दिलेलं ते उत्तर आठवलं. प्रतिकृती म्हणून भाव खोटा होत नाही, हे मी बरोबर बोलले होते. पण साईबाबांच्या मशिदीचं दार कोणाला बंद नव्हतं, आणि इथं लोक येतात ते त्याच उघड्या दारासाठी. आपण जुन्यातलं काय उतरवून घेतो, हा खरा प्रश्न होता. तो मी स्वतःला विचारलाच नव्हता.

पालखीची चित्रं बघितली की आजही मला चुटपुट लागते. ती हौस मेली, असं सांगितलं तर खोटं होईल. शेजारच्या कार्यालयात मशालींच्या उजेडात एखादी नवरी नथ सावरत चालताना दिसली की मी थांबून बघते. मनापासून तिचं भलं चिंतते. फक्त आता मांडवाच्या कडेला कोण उभं आहे, हेही बघते.

लग्नानंतर महिन्याभरानं जाऊ आणि मी वाल सोलत बसलो होतो. ती मान वर न करता म्हणाली, “ताई, हळद लावू दिलीत, माझं मन भरलं. पण ह्याच्यासाठी पोरीचं लग्न कशाला लागलं? तीन वर्षं मी ह्याच घरात होते.”

मला काही बोलता आलं नाही. मी खाली बघून वाल सोलत राहिले. इतिहासाच्या पुस्तकात मी तिची जागा शोधत बसले होते आणि ती माझ्या स्वयंपाकघरात उभी होती. सव्विसाव्या पानावरच्या त्या दोन ओळी मी अजून भरलेल्या नाहीत. तशाच ठेवल्यात. पुन्हा कधी कशाचा मांडव घालायला निघाले, तर आधी त्या बघायच्या, एवढ्यासाठी.